एक महिन्याची नोटीस

मंगळवारी संध्याकाळी प्रेमलता पाव किलो जिलेबी घेऊन आमच्या दारात उभी राहिली आणि चप्पल काढता काढताच म्हणाली, “सर, त्याईनं मान्य केलं!”

मे महिना होता. मी बनियनवर कूलरसमोर बसून पेपर वाचत होतो. प्रेमलता आमच्यापासून तीन घरं सोडून राहते. गेली चौदा वर्षं बुटीबोरीच्या एका शिलाई कारखान्यात आहे. तिथे शाळांचे गणवेश शिवतात. मशीनवर लागली तेव्हा पोरगेलीशी होती, आता कॉलर लाइनची सुपरवायझर आहे. शर्टाची कॉलर ज्या बाया लावतात त्यांच्यावर देखरेख ठेवते. मानेवाडा चौकातून सकाळी सातला कंपनीची बस पकडते आणि संध्याकाळी परतताना नेहमी अशी थकलेली असते की हाक मारायचीसुद्धा चोरी. त्या दिवशी मात्र चेहरा नुसता फुलला होता.

“ॲक्सेप्टेड लिहिलं हाये, सर. एवढं तं मले वाचता येते.” तिनं कंपनीचं पाकीट माझ्या हातात दिलं, जिलेबीचा पुडा सोडला आणि आमच्या हिला आतून बशी आणायला सांगितली.

मी जिलेबीचा तुकडा तोंडात टाकला, चष्मा चढवला आणि पत्र उघडलं. कंपनीच्या छापील कागदावर चारच ओळी होत्या. तुमची नोटीस मिळाली. ती मंजूर करण्यात येत आहे. तुमच्या कामाचा शेवटचा दिवस तीस मे राहील. चौदा वर्षांच्या सेवेबद्दल कंपनी आपली आभारी आहे आणि पुढच्या वाटचालीस शुभेच्छा देते. सगळं स्वच्छ, सभ्य इंग्रजीत होतं.

मी ते तीनदा वाचलं. जिलेबी तोंडात तशीच राहिली. ती गिळायची असते हेच सुचेना.

“काहून सर? काय झालं?”

“काही नाही. थांब जरा,” मी म्हणालो आणि उठून आतल्या खोलीत गेलो. बत्तीस वर्षं मी इंग्रजी शिकवलं. लांजेवार सरांचं इंग्रजी म्हणजे काय, ते आमच्या शाळेतून गेलेल्या कुणालाही विचारा. आणि तो मी त्या संध्याकाळी शब्दकोश काढून ‘नोटीस’ हा शब्द शोधत होतो. पाचवीतल्या पोरालाही येतो असा शब्द!

आता सांगायलाच हवं, कारण पत्र मीच लिहिलं होतं.

कारखान्याच्या शिलाई हॉलला दोन दरवाजे. पुढचा येण्याजाण्याचा, मागचा अडीअडचणीचा. मागच्याला दोन वर्षांपासून कुलूप. का, तर बाया त्या दरवाज्यानं कापडाचे तुकडे बाहेर नेतात असा कुणाला तरी संशय आला होता. मार्चमध्ये इस्त्रीच्या टेबलाजवळ वायर जळाली. आग म्हणावी अशी लागली नाही, नुसता धूर झाला. पण ऐंशी बाया एकाच दरवाज्यावर तुटून पडल्या. तुळसाबाई नावाची म्हातारी होत आलेली बाई त्यात खाली पडली आणि तिच्या उजव्या मनगटाचा चुरा झाला. धंतोलीच्या दवाखान्यात सळी घातली तरी हात वाकडा तो वाकडाच. तेव्हापासून प्रेमलतानं मॅनेजरच्या मागे एकच लकडा लावला होता, दरवाजा उघडा. ते हो हो म्हणत आणि विसरून जात.

एप्रिलच्या शेवटी ती माझ्याकडे आली. हातात वहीची दोन पानं, दोन्ही बाजूंनी भरलेली. कुठला दरवाजा, कधीपासून कुलूप, धूर कधी झाला, कोण पडलं, कोणाकोणाला सांगितलं, सगळं तारीखवार होतं. म्हणाली, “सर, याची इंग्रजीत नोटीस करून द्या. मराठीतलं कोनी वाचत नाई तिथं. त्याईले एक महिना देऊन राहिली मी. महिन्यात दरवाजा उघडला तं ठीक, नाई तं मी पुढं जाते.”

म्हणजे पुढे तक्रारीला. कारखाने तपासणाऱ्या सरकारी साहेबाकडे. मला सगळं नीट समजलं होतं. मग मी काय केलं? ती दोन पानं चाळली, आणि मास्तरकी अंगात आली. म्हणालो, “अगं, इंग्रजी असं पाल्हाळ लावत नाही. इंग्रजीत कमीत कमी शब्दांत सांगायचं असतं. मॅनेजरला दरवाज्याचं सगळं माहीत आहे ना? मग पुन्हा कशाला उगाळायचं?”

“पन सर, तुळसाबाईचं तं लिहा.”

“काही गरज नाही.”

मी सुंदर अक्षरात लिहून दिलं. ते मला पाठ आहे आणि मरेपर्यंत पाठ राहील. ‘सर, ओइंग टु द मॅटर ऑफ द बॅक डोअर, ऑलरेडी नोन टु यू, आय हिअरबाय गिव्ह यू वन मंथ्स नोटीस. काइंडली डू द नीडफुल अँड ऑब्लाइज.’ मागच्या दरवाज्याचं प्रकरण तुम्हाला माहीतच आहे, त्या कारणानं मी तुम्हाला एक महिन्याची नोटीस देते. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. स्वतःवरच खूश होऊन दुसऱ्यांदाही वाचलं. तिनं आपल्या दोन्ही पानांकडे एकदा बघितलं, ती पानं घडी करून पिशवीत ठेवली आणि माझ्या तीन ओळींखाली सही केली.

आणि आता शब्दकोश सांगत होता की इंग्रजीत नोकरानं मालकाला ‘नोटीस देणं’ म्हणजे मी नोकरी सोडतो असं कळवणं.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. कुठल्यातरी कोपऱ्यात माहीत होतं. पण नोटीस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? महानगरपालिकेची नोटीस, वकिलाची नोटीस, घरमालकाची नोटीस. ज्याला मिळते त्याचे पाय लटपटतात. देणारा ताठ, घेणारा घाबरलेला. मी शब्द इंग्रजीत लिहिला आणि अर्थ मराठीतला धरून बसलो. शब्दकोशात खाली आणखी एक ओळ होती. मालकानं नोकराला नोटीस दिली तर त्याचा अर्थ नोकराला काढलं. म्हणजे कंपनीनं बाईला नोटीस दिली तरी बाई जाते आणि बाईनं कंपनीला दिली तरी बाईच जाते. मी खाटेवर बसलो.

बाहेर आलो तर प्रेमलता आमच्या हिला सांगत होती, दरवाजा कधी उघडणार ते आता फक्त विचारायचं बाकी आहे. मी उभ्या उभ्याच सांगितलं. गोड करून सांगणं मला जमलं नाही.

तिनं पत्र माझ्या हातातून घेतलं. मग म्हणाली, “म्हणजे मी नोकरी सोडली?”

“कागदावर तसं झालंय.”

“पन मी तं सोडली नाई, सर.”

“मला माहीत आहे.”

“चौदा वर्षं झाली. मी काहून सोडीन?” ती हे मला विचारत नव्हती, स्वतःलाच विचारत होती. मग एकदम तिचं लक्ष बशीतल्या जिलेबीकडे गेलं आणि तिनं तोंडावर पदर घेतला. आमची ही माझ्याकडे वळून म्हणाली, “अवो, तुमाले लिहाले येत नव्हतं तं नाई म्हनाचं होतं. बाई दोन पानं लिहून आनून राहिली होती!” लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली, पण इतकं खरं ती मला कधी बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी प्रेमलताबरोबर बुटीबोरीला गेलो. कंपनीच्या बसमध्ये बाहेरच्यांना घेत नाहीत, म्हणून स्कूटर काढली आणि तिला मागे बसवून वर्धा रोडनं निघालो.

कर्मचारी विभागात हिमानी नावाची मुलगी होती. पंचविशीची, हसरी, बोलायला अगदी मृदू. मी माझी ओळख दिली आणि सगळा घोटाळा सांगितला. तिनं फाइल काढली, माझं पत्र समोर ठेवलं आणि म्हणाली, “सर, हे तुम्ही लिहिलंय? किती छान ड्राफ्ट आहे! आमच्याकडे लोक रिझाइन करतात तेव्हा इतकं क्लिअर कुणीच लिहीत नाही.”

आयुष्यभर कौतुकानं फुगलेला माणूस मी. ते कौतुक ऐकून मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

“अहो बाई, तिला नोकरी सोडायची नाही. नोटीस म्हणजे ताकीद असं तिला म्हणायचं होतं. मराठीत तसंच म्हणतात ना!”

“पण सर, लेटर तर इंग्लिशमध्ये आहे.”

ती खोटं बोलत नव्हती. तिनं आम्हाला मॅनेजरच्या खोलीत पाठवलं.

मॅनेजर मनोहरराव हिंगणघाटकडचे. पन्नाशीचे, जाडसर, वागायला मोकळे. प्रेमलता कामाला लागली तेव्हा ते साधे सुपरवायझर होते, म्हणजे चौदा वर्षांची ओळख. त्यांनी चहा मागवला, मला खुर्ची दिली. प्रेमलता उभीच राहिली, मी बस म्हटलं तरी बसली नाही. मनोहररावांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “हे पाहा सर, गलती होते मान्साकडून. आपन वापस घेऊ ते पत्र. फक्त तिनं एवढं लिहून द्यावं का मागच्या दरवाज्याबद्दल माही काहीच तक्रार नाई. बस. उद्यापासून ती अन् मी पहिलेसारखेच.”

प्रेमलता म्हणाली, “मी बाहेर थांबते,” आणि निघून गेली.

ती गेल्यावर मी मनोहररावांना सरळ विचारलं. “खरं सांगा, पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुम्हाला काय कळलं?”

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि हसले. “खोटं काहून बोलू सर. मी बी मराठी शाळेतलाच. नोटीस वाचली तं पहिले मले घामच फुटला. म्हटलं, बाईनं नोटीस मारली, आता हे साहेबापर्यंत जाते. रातभर झोप नाई आली. मंग सकाळी हिमानी म्याडमले दाखवलं. ते हासली न. म्हने, सर, ये तो रिझाइन कर रही है.”

“म्हणजे तुम्हाला कळलं होतं.”

“कळलं होतं नं. कोनाले नाई कळनार? दोन महिन्यांपासून तिच्या तोंडात दुसरी गोष्टच नाई, दरवाजा अन् दरवाजा.”

मी कप खाली ठेवला. तोवर मला वाटत होतं की चूक झाली आहे आणि चूक दुरुस्त करता येते. आता कळलं की चूक माझ्या एकट्याचीच होती. या माणसानं कुठलीही चूक केली नव्हती. त्याला पत्र बरोबर समजलं होतं, आणि ते बरोबर समजल्यावरच त्यानं दुसरा अर्थ उचलला होता. इतक्या सहज, चहाचा घोट घेत घेत तो हे मला सांगत होता, कारण मीही आपल्यातलाच एक असं तो धरून चालला होता. मला त्याची चीड आली आणि त्याच्या टेबलावर त्याचा चहा प्यायलो म्हणून स्वतःची त्याहून जास्त आली.

पण चीड येऊन मी केलं काय? बाहेर व्हरांड्यात आलो, खिशातून पेन काढलं आणि मनोहररावांना हवं होतं तसं पत्र लिहिलं. हे सांगताना लाज वाटते, तरी सांगतो. मला माझी चूक पुसायची होती. बाकी काही दिसत नव्हतं. तिची नोकरी वाचली की मी सुटलो, एवढंच डोक्यात होतं.

“कर सही,” मी म्हणालो.

“मराठीत सांगा काय लिहिलं.”

“लिहिलंय की समजुतीचा घोटाळा झाला, मला नोकरी सोडायची नाही, पत्र परत घ्यावं.”

तिनं कागद हातात घेतला. बोट ओळीवरून सावकाश पुढे नेलं आणि एका शब्दावर थांबवलं. “हे डोअर लिहिलं हाये नं, सर? पहिल्या पत्रात बी होतं. दरवाज्याचं काय लिहिलं ते नाई सांगितलं तुमी.”

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. माझ्याकडून तिला एवढं तर अपेक्षितच होतं, असा तो आवाज होता. मला सांगावं लागलं.

तिनं कागदाची घडी केली आणि मला परत दिली. “तुळसाबाई पडली तवा मी तिचा हात धरून होती. हाड हातात लागत होतं, सर. तक्रार नाई असं कसं लिहून देऊ?” मग ती कामावर गेली. तीस तारखेपर्यंत तिचं काम होतं.

मी सदर भागातल्या एका वकिलाला भेटलो. तो म्हणाला, नोटीस मुदतीच्या आत परत घेता येते, पण कंपनीनं ऐकलं नाही तर कोर्टात जा, आणि कोर्ट म्हणजे तीन-चार वर्षं धरून चला. मनोहरराव चहा पिता पिता काय बोलले ते आणि वकिलाचं, दोन्ही मी प्रेमलताला सांगितलं. ती म्हणाली, “तोवर दरवाजा बंदच राहील नं?” तिला नोकरीचं विचारावं तर ती दरवाज्याचं बोले. मला तिची काळजी वाटत होती आणि खरं सांगायचं तर थोडा रागही येत होता. बाई, आधी आपलं बघ ना!

शनिवारी ती पुन्हा आली. “सर, उद्या दुपारी घरीच हाये नं? सतरा पत्रं लिहाची हायेत.”

“कसली?”

“तेच. जे माह्यासाठी लिहिलं तेच. एक अक्षर बदलाचं नाई. फक्त खाली नावं येगळी.”

मी ओरडलोच. “अगं, वेड लागलं का तुला? त्याचा अर्थ काय होतो ते आता तुला माहीत आहे! सतरा जणींच्या नोकऱ्या घालवायच्या आहेत का मला?”

“मले माहीत हाये अर्थ. मनोहररावले बी माहीत हाये. दोन्ही अर्थ माहीत हायेत त्याले.” ती खुर्चीवर नीट टेकून बसली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच. “पंचवीस जूनले शर्टाची मोठी ऑर्डर जाची हाये. त्याच्या मागंच शाळा उघडतात. या सगळ्या कॉलरवाल्या अन् बाहीवाल्या हायेत. कॉलर लावाले नवी बाई शिकवाची म्हटली तं तीन महिने लागते. एका बाईची नोटीस त्याईले इंग्रजीत वाचता आली. सतरा जनींची वाचून पाहू द्या.”

व्याकरणाचे नियम मी दोन पिढ्यांना शिकवले, पण एका वाक्याला असं वापरता येतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी म्हणालो, “निदान दरवाज्याचा तपशील तरी घालू दे. तू लिहिला होतास तसा.” ती म्हणाली, “नाई सर. तेच पायजे.”

रविवारी भर दुपारी त्या आल्या. बाहेर सत्तेचाळीसचं ऊन, आणि आमच्या बैठकीत प्रेमलता सोडून अठरा बाया, सांगितल्यापेक्षा एक जास्तच. ही सगळ्यांना पाणी देऊन थकली. मी एक अट घातली. प्रत्येकीला या पत्राचा इंग्रजी अर्थ मी आधी सांगणार, तिला समजला असं ती म्हणणार, आणि मगच मी लिहिणार. पुन्हा कुणी माझ्या अक्षराखाली न समजता सही केलेली मला चालणार नव्हती.

“याचा इंग्रजीत अर्थ होतो की तुम्ही एका महिन्यानं नोकरी सोडता,” मी पहिलीला सांगितलं. ती प्रयागबाई, त्यांच्यातली सगळ्यात जुनी. ती म्हणाली, “म्हणजे आपनच नोटीस द्याची अन् आपनच जाचं? वा रे इंग्रजी!” सगळ्या हसल्या. मग ती म्हणाली, “समजलं. लिहा.”

प्रत्येकीला मी तेच सांगितलं. दामिनी म्हणून एक होती, तिचा नवरा दोन वर्षांपासून घरी बसून होता. तिनं मला दोनदा अर्थ विचारला, डोळे पुसले आणि सही केली. सोनिका नावाची तरुण मुलगी ऐकता ऐकता उठली आणि म्हणाली, “मले नाई जमनार सर, माह्या सासूले काय सांगू?” तिला कुणी एक शब्द बोललं नाही. प्रेमलतानंच तिला दारापर्यंत पोहोचवलं. राहिल्या सतरा. सतरावी तुळसाबाई. ती आता मशीनवर बसू शकत नव्हती, धागे तोडायच्या कामावर होती. तिनं डाव्या हातानं सही केली. त्या सहीला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ खोलीत कूलरखेरीज काही ऐकू येत नव्हतं.

सोमवारी अकरा वाजता मनोहररावांचा फोन आला. आवाज चढलेला. “सर, हे काय करून राहिले तुमी? माही नोकरी खाता का?”

“पत्रात काय लिहिलंय ते वाचा की.”

“अवो पन कसं वाचू ते तं सांगा!”

“तुम्हाला मागे जसं पहिल्यांदा कळलं होतं तसं,” मी म्हणालो आणि फोन ठेवला. त्या महिन्यात पहिल्यांदाच मला बरं वाटलं.

मंगळवारी दरवाजा उघडला. उघडला म्हणजे कटर आणून कुलूप कापावं लागलं. ते प्रेमलतानं घरी येऊन सांगितलं. “चाबी कोनापाशीच नव्हती, सर. वॉचमन म्हने ऑफिसात, ऑफिसवाले म्हनत वॉचमनपाशी. दोन वर्षांपासून चाबीच नव्हती. त्या दिवशी खरंच आग लागली असती तं?” मला सारखी ती ऐंशी माणसं दिसत होती.

शुक्रवारी सतरा जणींना कंपनीची पत्रं मिळाली. मराठीत होती. हो, मराठीत! मला प्रयागबाईनं तिचं आणून दाखवलं. ‘मागच्या दरवाज्यासंबंधी आपली तक्रार मिळाली. दरवाजा खुला करण्यात आला आहे. आपल्या सूचनेबद्दल धन्यवाद.’ खाली मनोहररावांची सही.

प्रेमलताला काही आलं नव्हतं. मी दोन दिवस वाट बघितली आणि हिमानीला फोन लावला. तिचा आवाज तसाच मृदू. “सर, त्यांची नोटीस तर आपण आधीच ॲक्सेप्ट केली होती. तीस तारीख लास्ट डे. या बाकीच्या लेडीजची कंप्लेंट होती, ती रिझॉल्व्ह झाली.”

“पण मजकूर तर एकच आहे! शब्द न् शब्द एकच आहे!”

“हो सर,” ती म्हणाली. “ड्राफ्ट सेमच आहे.”

मी फोन ठेवला. अठरा पत्रं. अक्षर माझं, वाक्य तेच, स्वल्पविरामसुद्धा त्याच त्या जागी. सतरा त्यांनी मराठीत वाचली आणि एक इंग्रजीत.

तीस तारखेला संध्याकाळी ती बसमधून उतरली तेव्हा मी चौकातच उभा होतो. तिच्या हातात बायांनी दिलेली साडी होती. मला काय काय बोलायचं होतं. मी म्हणालो, “प्रेमलता, आपण कोर्टात जाऊ. मी येतो साक्षीला. मी सांगतो की चूक माझी होती.”

“जाऊ नं, सर. सोमवारी जाऊ,” ती म्हणाली. मग थोडं चालल्यावर म्हणाली, “माहं पत्र ते इंग्रजीतच वाचनार, हे मले मनोहररावनं ते लिहून द्याले सांगितलं त्याच दिवशी समजलं होतं. म्हनून तं मी तुमाले सतराच लिहाले सांगितले. माह्या नावाचं अठरावं नाई सांगितलं.”

मी रस्त्यातच थांबलो. ती चार पावलं पुढे गेली, मग वळून म्हणाली, “चला नं सर, काहून थांबले?”